अधिक ज्येष्ठातला कुलर

"आमच्या सुहासला एसीशिवाय झोप लागत नाही हो," पुण्याहून विहीणबाई फोनवर सांगत होत्या. "तुमच्याकडे एसी असला तर दोघं चार दिवस राहतील. नसला तर सकाळी येतील, वाण घेतील आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरतील. तसं कळवा, म्हणजे तिकिटं काढायला बरं."

तसं कळवा! मी अकोल्याच्या एका कन्याशाळेत छत्तीस वर्षं काढली होती, त्यांतली शेवटची चौदा मुख्याध्यापिका म्हणून. तपासणीला येणारे साहेबही माझ्याशी या सुरात बोलले नव्हते.

"कळवते," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. अधिक ज्येष्ठ म्हणजे अकोल्यात ऐन मे महिना, पारा सेहेचाळिसाच्या वर. आमच्या पद्मजाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. अडीच वर्षांत ती माहेरी एकदाच आली होती, तीही दोन दिवसांसाठी. दर दिवाळीला काही ना काही निघे. कधी सुहासरावांना सुट्टी नसे, कधी त्यांच्या आईंचे गुडघे धरत. मी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे मागणं, आणि व्याह्यांकडे काही मागणं माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं. तरीही 'चार दिवस' हे दोन शब्द फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्या कानांत राहिले, हे मी नाकारणार नाही.

हे, म्हणजे माझे यजमान, समोरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत सगळं वाचत.

"काय म्हणतात विहीणबाई?"

"एसी लावा म्हणतात. नाही तर मुलगी त्याच संध्याकाळी परत."

यांनी चष्मा काढला. "मग लावू या."

"लावू या?"

"पद्मा चार दिवस राहते ना? लावू या."

"दिवसाचे सहा तास वीज नसते. एसी काय तुमच्या इन्व्हर्टरवर चालणार आहे? दुपारी दिवा पिवळा पडतो इतका दाब उतरतो आपल्याकडे. तो यंत्राचा खोका नुसता घुंघुं करत बसेल आणि जावई घामाघूम होतील. कुलर इन्व्हर्टरवर चालतो."

"हे खरं आहे," हे म्हणाले. "पण त्यांनी एसी म्हटलंय."

"म्हणूनच लावायचा नाही. अट घालून जेवायला येणाऱ्या माणसासाठी माझ्या घराच्या भिंतीला भोक पडणार नाही."

"पद्माला एकदा फोन करून पाहू का? तिला काय वाटतं ते?"

"तिला काय वाटायचंय? घर माझं आहे, वाण मी देणार आहे."

यांनी चष्मा परत लावला. आमच्या घरातल्या चर्चा अशाच संपत.

मी विहीणबाईंना कळवलं की आमच्याकडे वाळ्याचा कुलर असेल आणि अकोल्यातली चांगली चांगली घरं त्यातच सुखानं झोपतात. त्या म्हणाल्या, "बघू. परतीची तिकिटं काढूनच ठेवतो. दुपारी सुहास पडून पाहील. सोसलं त्याला, तर रद्द करतील." माझ्या घरातल्या हवेची परीक्षा घेतली जाणार होती आणि निकालावर माझी मुलगी राहायची की जायची ते ठरणार होतं! मला संताप आला. पण परीक्षा म्हटली की मला जिंकायची सवय होती.

इस्माईलभाईंच्या दुकानात मी स्वतः रिक्षानं गेले. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या शाळेत शिकल्या होत्या, त्यामुळे मी दुकानात असेपर्यंत ते स्टुलावर बसत नसत. त्यांनी आधी मला प्लास्टिकचा एक गुळगुळीत कुलर दाखवला. त्यात बर्फ ठेवायला कप्पा होता.

"हा नवा आलाय, बाई. सायबलोक हाच नेतात."

"बर्फ अर्ध्या तासात वितळतो, इस्माईलभाई. पुढे काय? जावयाला वारा घालत मी उभी राहू?"

ते हसले. "मंग हा घ्या. जाड पत्र्याचा. अठरा इंची पंखा. दोन मान्सं लागतात उचलाले."

"ताट्या कशाच्या?"

"साधं गवत लावतो न जी. पानी तेवढंच पेते."

"वाळा हवा. तिन्ही बाजूंना, आणि भरगच्च. विरळ लावाल तर मी परत पाठवीन."

"जवाई येऊन राह्यले का बाई?"

"येताहेत."

"मंग वाळाच," ते म्हणाले आणि पोत्यातली एक मूठ त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "वास घ्या. असा झोपंल का तुम्हालेच उठवा लागन."

पद्मजाच्या जुन्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीत लोखंडी घोडीवर कुलर चढला. पाणी सुरू करून मी खोलीच्या मधोमध एक कागद सोडला, तर तो पलीकडच्या, अंगणाच्या खिडकीपर्यंत उडत गेला. ऐन दोन वाजता खोली अशी गार झाली की यांनी तिथेच तासभर डुलकी काढली. मी दूधवाल्याला चार दिवसांचं जास्तीचं दूध सांगून ठेवलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी दोघं आले. सुहासराव नीटनेटके, मृदुभाषी, एका मोठ्या कारखान्यात अभियंता. त्यांनी वाकून नमस्कार केला. पद्मजा वाळली होती. ती आली, पाय धुतले आणि माठातलं पाणी तीन भांडी प्यायली.

"गाडीत झोप लागली का गं?" मी विचारलं.

"लागली आम्हाला," सुहासराव म्हणाले. "एसीचा डबा होता."

"तुझ्यासाठी ठेचा केलाय."

"ती तिखट खात नाही आता, आई. पित्त होतं तिला."

पद्मजा हसली. माणूस बायकोची काळजी घेतो असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

दुपारी बाराला दोघांना पाटावर बसवलं. यांनी जावयाचे पाय धुतले, मी गंध लावलं, पितळी डब्यात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून तो त्यांच्या हातांत दिला. धोंड्यांवर तुपाची धार घातली. सुहासरावांनी चार धोंडे खाल्ले आणि हात धुताना म्हणाले, "चला, आता तुमचा कुलर बघू या." अगदी सहज म्हणाले. दीड वाजता खोलीचं दार लागलं.

मी समोरच्या खोलीत खुर्ची दाराकडे करून बसले. आतून पंख्याचा घरघराट येत होता. चार वाजता ते बाहेर येतील, डोळे चोळतील, "छान झोप लागली" म्हणतील. मग पुण्याला मी स्वतः फोन लावणार होते. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं: "तिकिटं रद्द करा."

साडेतीनला दार धाडकन उघडलं. सुहासरावांचा सदरा अंगाला चिकटला होता, केस ओले झाले होते.

"ही खोली आहे का काय आहे? नुसता चिकचिकाट! दोन तास मी उकडून निघालोय."

"काय झालं?" हे उठून उभे राहिले.

"काय व्हायचंय? आईंनी हट्टानं हा पत्र्याचा डबा लावला. आम्ही आधीच सांगितलं होतं. हवा दमट करण्यापलीकडे काही होत नाही यानं."

मी त्यांना बाजूला सारून आत गेले. आत शिरताच चेहऱ्यावर वाफ आली. चादर ओलसर, भिंतीवर पाण्याचे थेंब. दाराच्या फटीत पंचा कोंबलेला होता. आणि समोरची, अंगणाकडची खिडकी बंद होती. दोन्ही फळ्या बंद, वरची कडी घातलेली, पडदा ओढलेला.

"ही खिडकी कोणी लावली?"

"मी लावली. गार हवा बाहेर जात होती."

"सुहासराव, कुलर बाहेरची हवा आत ढकलतो. आतलीला बाहेर पडायला वाट नको का? ती नसली तर सगळी ओल खोलीतच साचणार. हे अकोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल!"

"मला कोणी सांगितलं नाही."

ते खरं होतं. कुलर लावल्यावर समोरची खिडकी उघडी ठेवायची, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. दाराला कडी कशी लावायची हे पाहुण्याला कोणी सांगतं का? पण त्या क्षणी माझी नजर पद्मजावर गेली आणि मी बोलायची थांबले.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. चेहरा लालबुंद, वाणाच्या साडीचा पदर मानेभोवती ओला झालेला. या खोलीत तिने तेवीस उन्हाळे काढले होते. लहानपणी कुलर सुरू झाला की तीच धावत जाऊन ती खिडकी उघडत असे.

"तू आत होतीस ना?"

"होते."

"दोन तास?"

"हो."

"मग खिडकी का उघडली नाहीस? यांना का नाही सांगितलंस?"

"तिला काय विचारायचं त्यात?" सुहासराव मागून म्हणाले. "तिला काय कळतंय यातलं?"

दारात हे उभे होते. त्यांनी पाहिलं ते सुहासरावांकडे नव्हे, माझ्याकडे. मला त्या पाहण्याचाही राग आला.

"तिला कळत नाही?" मी वळले. "ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे, सुहासराव. विद्यापीठात दुसरी आलेली. पाण्याची वाफ होताना हवा गार का होते, हे ती तुम्हाला फळ्यावर लिहून समजावेल. पण तुम्ही तिला कधी विचारलंत का? सकाळपासून मी ऐकते आहे. झोप तिला लागली का, ते तुम्ही सांगणार. तिखट ती खाते का, तेही तुम्हीच सांगणार. माझ्या मुलीला तोंड दिलेलं आहे, आणि शिक्षणही!"

"आवाज चढवू नका, आई. मी या घरात पाहुणा आहे."

"पाहुणा आहात म्हणूनच सकाळपासून गप्प होते."

"पद्मजा, बॅग भर," ते म्हणाले. "सहाची गाडी आहे. तिकिटं आहेतच."

"पद्मजा जाणार नाही," मी म्हणाले. "ती इथे राहील."

"ती माझ्याबरोबर येईल."

"अडीच वर्षांत दोन दिवस पाठवलंत तिला. आता मी पाठवीन तेव्हा ती येईल."

"हे काय तुमच्या शाळेतलं वेळापत्रक आहे का?"

पद्मजा उठली. आमच्या दोघांच्या मधून ती खिडकीपाशी गेली. पडदा सारला, कडी काढली आणि दोन्ही फळ्या बाहेर लोटल्या. साचलेली वाफ निघून जाऊ लागली. पडदा फुगून बाहेरच्या बाजूला उडाला, आणि इतका वेळ कोंडलेल्या वाळ्याचा गार वास एकदम खोलीभर झाला.

"मला कोणी विचारणार आहे का?" ती पाठमोरीच म्हणाली.

"त्यात विचारायचं काय?" मी म्हणाले. "अशा माणसाबरोबर तू—"

"आई, थांब."

माझ्या घरात मला कोणी थांब म्हटलेलं नव्हतं. यांनी नाही, माझ्या सासूबाईंनीसुद्धा नाही. मी थांबले.

ती वळली. "सुहास मला विचारत नाही, हे खरं आहे. पण लग्न झाल्यावर मला त्याचं नवल वाटलं नाही. मला सवय होती."

"कसली सवय?"

"तुझी."

"पद्मा!" हे दारातून हळूच म्हणाले.

"नाही बाबा, बोलू द्या. सायन्स घ्यायचं तू ठरवलंस, आई. एम.एस्सी. तू ठरवलंस. निकाल लागला त्याच आठवड्यात हे स्थळ तू ठरवलंस. मला शिकवायची नोकरी करायची होती, ते मी सांगायला आले तर तू म्हणालीस, आधी हात धू, पानं घ्यायची आहेत. शाळेत तुझ्यासमोर हात वर करायचा आणि तू नाव घेईपर्यंत गप्प उभं राहायचं. घरातही तेच. पुण्याला गेले, तिथेही तशीच उभी राहिले. आज दोन तास मी त्या खिडकीकडे बघत बसले होते. उठले नाही. उठायचं असतं हे मला आठवलंच नाही."

मी पलंगावरची ओलसर चादर सारखी करू लागले.

"आणि एसीचं म्हणशील," ती पुढे म्हणाली, "तर मला तो हवा होता. सासूबाईंनी मला सांगितलं, तुझी आई नाही म्हणाली. तुला वाटलं, तुझा मान राहिला. मी अडीच वर्षं ते चार दिवस धरून बसले होते, आई. तू त्या चार दिवसांच्या बदल्यात कुलर घेतलास."

सुहासराव घड्याळाकडे पाहत होते. "झालं सगळ्यांचं? निघू या?"

"सुहास, मी आज येत नाही."

"म्हणजे?"

"मी आठ दिवस राहणार आहे. पुढचं मी ठरवीन आणि तुला मी कळवीन."

"आईला काय सांगू मी?"

"तू नको सांगूस. मी फोन करीन. त्यांच्याशी मीच बोलेन."

ते माझ्याकडे वळले. मी काही म्हणेन, समजूत घालीन किंवा भांडेन, निदान काहीतरी करीन, असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला गोंधळ दिसला, आणि क्षणभर वाटलं, यांनाही आजवर कोणी नाही म्हटलेलं नसणार.

पुढे काय झालं ते आमच्या नातेवाइकांना ठाऊक आहे. आठ दिवसांचे दोन महिने झाले. सुहासराव दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा तिच्याशी बोलायला, आमच्याशी नव्हे. ती पुण्याला परत गेली ती तिथल्या एका महाविद्यालयाचं नेमणूकपत्र हातात घेऊन, आणि तो अर्ज तिने लिहिला आहे हे मला पत्र आल्यावर कळलं. त्याचाही मला रागच आला होता. पण ते नंतरचं.

त्या दिवशी साडेचारला यांनी स्कूटरची किल्ली घेतली. "चला सुहासराव, स्टेशनवर सोडतो. डोक्याला रुमाल बांधा, ऊन अजून आहे." मी वाणाचा डबा पिशवीत घालून जावयाच्या हातात दिला. अनारसे तेहतीसच होते. संतापातही वाण मागे ठेवून घ्यायचं नसतं. त्यांनी डबा घेतला आणि माझ्याकडे न पाहता नमस्कार केला.

स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. घरात आम्ही दोघीच उरलो. मी पद्मजाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत जायला मला आयुष्यात परवानगी लागली नव्हती. तरी मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. ती पलंगावर पडली होती, डोळे उघडे होते, कपाळावरची बट वाऱ्यानं उडत होती. मी भयंकर रागावलेली होते. जावयावर, विहीणबाईंवर, यांच्या त्या एका नजरेवर, आणि माझ्या मुलीवर, जिनं मला त्या परक्या माणसाच्या ओळीत नेऊन उभं केलं होतं. इतका राग, आणि तो काढायला एकही माणूस सापडेना.

"चहा ठेवते, ऊठ," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"चहा घेशील?" असे शब्द बाहेर पडले.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. थट्टा करते आहे की काय, असं तिला वाटलं असेल.

"नको," ती म्हणाली. "पन्हं चालेल. पण केशर घालू नकोस. तू नेहमी घालतेस. मला ते कधीच आवडलं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कैऱ्या उकडायला ठेवल्या.